नव्याचा डावा

सासऱ्यांचे गुडघे धरल्यापासून केळीच्या बागेचं पाणी सुनेकडे आलं. नवरा लांब नोकरीला. पंपाच्या खोलीत ठिबकचे दोन कॉक होते: एक नव्या लावणीचा, एक घड लागलेल्या बागेचा. सासरे दारात खुर्ची टाकून सांगायचे, ती करायची. नव्या रोपांना वाढीसाठी युरिया, घड भरायला पालाश. खत देताना एकच कॉक उघडायचा, शेवटी दोन्हीकडे साधं पाणी सोडून नळ्या धुवायच्या.

“नव्याचा डावा,” सासरे म्हणायचे. ती डावा उघडायची.

तरी नवी रोपं पिवळी पडत चालली. घडांच्या बागेत मात्र पानांचा नुसता माज, आणि केळी काही केल्या भरेनात. ती पार बुचकळ्यात पडली. गाळणी धुतली, खताचं पोतं बदललं. फरक शून्य.

“मामंजी, माझं काय चुकतंय?”

“तुझं नाही गं. केळच लहरी!”

एका सकाळी युरिया सोडल्यावर घरी न जाता ती नव्या लावणीत गेली. नळी दाबून पाहिली. थेंब नाही. पलीकडे घडांखाली मात्र टपटप चालू होती. रोज शेवटी दोन्हीकडे पाणी जायचं, माती ओली दिसायची, म्हणून शंकाच आली नव्हती.

पण नळ्या तर सासऱ्यांनी स्वतः जोडलेल्या. ते कसे चुकतील? की आपणच उलटं ऐकलं?

ती परत आली. “मामंजी, नव्याचा कॉक कुठला?”

“डावा. किती वेळा सांगू?” असं म्हणत त्यांनी बोट दाखवलं, ते उजव्याकडे.

“हा डावा?”

त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग दुसऱ्या हाताकडे. दोन्ही हात तसेच अधांतरी राहिले.

“माझंच ऐकण्यात चुकलं असेल,” ती घाईने म्हणाली.

“नाही.” त्यांचा आवाज खाली आला. “परवा चप्पल घालताना पण असंच झालं. कळेचना, कुठली कुठल्या पायात. म्हटलं, झोप झाली नसेल. तुला सांगितलं नाही.”

तिने आधी डावा बंद करून उजवा उघडला, मग नवऱ्याला फोन लावला.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या एका भागाला रक्त कमी पोचतंय. गोळ्या दिल्या. भरून येईल का, याला मात्र “बघू” एवढंच उत्तर.

नवी रोपं हळूहळू हिरवी झाली. त्या बहराचे घड बारीकच राहिले.

सासरे अजून रोज पंपावर येतात. आता विचारतात ते.

“सूनबाई, नव्याचा कुठला गं?”

“उजवा,” ती म्हणते, आणि कॉकला हात लावण्याआधी तिचाच हात क्षणभर अडतो. इतके दिवस डाव्याचीच सवय झालेली; उजवा कुठला, तिलाही चटकन आठवत नाही.