अर्धा अंश

“एकशे सहा!” पहिल्या मनोऱ्यावरचा पहारेकरी फोनवर ओरडला. “धूर वाढतोय, बाई!”

नकाशाबाईंनी भिंतीवरच्या नकाशात पहिल्या मनोऱ्याच्या खिळ्याचा दोरा त्या कोनात ताणला. दुसऱ्याचा आधीच ताणलेला होता. वणवा दिसला की मनोऱ्यांनी कोन कळवायचे आणि बाईंनी दोरे जुळवायचे, बावीस वर्षं हेच चाललं होतं. पण आज दोन्ही दोरे जवळजवळ एकाच रेषेत गेले. केसभर चूक झाली, तरी आग या घळीतून उचलून त्या घळीत जाऊन बसली असती.

वायरलेसवर लेक होती, आग विझवणाऱ्या तुकडीची प्रमुख. “आई, डावी घळ की उजवी? चुकीच्या घळीत शिरलो तर आग मागून कोंडेल आम्हाला.”

“थांब जरा.”

पण थांबून काय उजेड पडणार होता? तिसरा मनोरा दोन वर्षांपूर्वी वादळात कोसळला, वर पहाऱ्यावर असलेल्या बाईंच्या नवऱ्यासकट. मनोऱ्यावरचा फोन तेवढा सापडला. तो आता कपाटात पडून होता, वायर गुंडाळून ठेवलेला.

तो वाजला.

बाईंनी कपाट उघडून रिसीव्हर कानाला लावला.

“लिही. दोनशे चौदा.” आधी घसा खाकरायची तीच तऱ्हा.

सवयीने बाईंनी दोरा साडेतेरावर नेला, डाव्या घळीवरून. नवरा दुर्बिणीला डोळा तिरका लावायचा, कोन कायम अर्धा अंश जास्त सांगायचा. बाई गुपचूप तो वजा करायच्या. तोंडावर कधी बोलल्या नाहीत, माणूस मोठा मानी, उगाच नाकाला मिरच्या झोंबायच्या.

“अगं, अर्धा आज मीच वजा केलाय. तू परत काढू नकोस.”

“अहो... तुम्हाला ठाऊक होतं?”

पलीकडे नुसता वारा वाहत होता.

त्यांनी दोरा चौदावर सरकवला. तीन दोरे कधी एका ठिपक्यात भेटत नाहीत. मध्ये लहानसा त्रिकोण उरतोच, आणि आग त्यात कुठेतरी असते. आज त्रिकोण उरलाच नाही.

“उजवी,” बाई वायरलेसवर म्हणाल्या. त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला.

तासाभराने लेक बोलली. “विझली, आई! डावीकडे गेलो असतो तर आमची धडगत नव्हती. तिसरा कोन कुणी दिला गं?”

“घरी ये, सांगते.”

बाईंनी नोंदवही उघडली. तिसऱ्या मनोऱ्याच्या रकान्यात दोन वर्षं नुसत्या रेघा होत्या. त्यांच्याखाली त्यांनी दोनशे चौदा लिहिलं, त्याने सांगितलं तसंच.