गुणिले तीन

मी मटार सोलत होते, तेव्हा मुलानं एक कागद पुढ्यात ठेवला. "आई, जरा नजर टाक. तुझ्या हातून चूक सुटत नाही."

खरंच सुटत नाही. एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. सून म्हणते, "आई झोपेतसुद्धा स्वल्पविराम शोधत असतात." शोधते. सापडतातही.

इथलं भाडं आता झेपत नव्हतं. म्हणून कुठे स्वस्तात राहता येईल, याचा त्यानं तक्ता केला होता. जगभरातली सात शहरं. घरभाडं, बस, दवाखाना, शाळा, दूध. तक्ता मी नेहमी उजवीकडून, शेवटून वाचते. तसं वाचलं की मजकुराच्या अर्थामध्ये मन अडकत नाही, नुसते आकडे दिसतात. दूध, गुणिले तीन. बसचा पास, गुणिले तीन.

घरात मुलगा, सून, नात आणि मी. बोटांवर पुन्हा मोजलं. चारच भरली.

बंदराच्या शहरात तीन, डोंगरातल्या शहरात तीन. सातही शहरांत मी कुठे नव्हते. मग नको ते आठवायला लागलं. परवा सुनेनं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली होती, आणि जरा जास्तच गोड आवाजात. वृद्धाश्रमाचा विषय कुणी काढला नव्हता, पण मन चिंती ते वैरी न चिंती. या वयात एकटीनं कुठे जायचं, कुणाच्या दारात उभं राहायचं?

विचारायची हिंमत होईना. मग मला येतं तेच केलं. लाल पेन्सिल घेतली, प्रत्येक तिनावर काट मारून चार केले, बेरजा नव्यानं मांडल्या. सातही शहरांत स्वतःला घुसवून मी कागद परत दिला.

तो उभ्यानंच वाचू लागला. सून नातीची वेणी घालत होती, तिचा हात थांबला.

"चूक होती," मी म्हटलं. "घरात चार माणसं आहेत."

"आहेत ना." तो माझ्यासमोर बसला. "पण आकडा बरोबर होता, आई. तू, ही आणि छोटी. माझ्या लेथ मशीनचं काम त्या सातांत कुठेच नाही. मी इथंच राहणार, वर्कशॉपच्या माळ्यावर. पगार इथला, खर्च तिथला, तरच जमतंय."

"किती वर्षं?"

तो तक्त्यावरून बोट फिरवत राहिला. तक्त्यात तेवढा एकच रकाना नव्हता.

मला आधी हायसं वाटलं. लपवत नाही, आधी हायसंच वाटलं. मी सातही शहरांत होते. मग पोराच्या तोंडाकडे पाहिलं. सातही शहरांत तो कुठे नव्हता.

"पेन्सिल दे," तो म्हणाला. "परत तीन करतो."

मी पेन्सिल मुठीत घट्ट धरून बसले. दिली नाही.