पहिली नोंद

भावनगरच्या आमच्या रक्तकेंद्रात थॅलेसेमियाची मुलं येतात. वेळच्या वेळी रक्त चढवलं नाही तर ती कोमेजतात. कोणाला कुठलं रक्त लागतं, मागच्या खेपेला काही त्रास झाला का, हे सगळं एका फाइलमध्ये असतं आणि प्रत्येक टेबलावरच्या कॉम्प्युटरला मिळून ती फाइल एकच. ती इतकी रखडायला लागली, की डॉक्टर वसावडांनी मला बोलावणं धाडलं. कॉम्प्युटर दुरुस्ती हाच माझा धंदा.

"भद्रेशभाई, ही फाइल उघडेपर्यंत माझं ऊंधियू शिजून होतं," डॉक्टर म्हणाले.

"मग मलाही जेवायला बोलवा की," मी म्हटलं. मनातून मात्र चिडलो होतो. मशीन बिघडेपर्यंत यांना माझी आठवण येत नाही.

आधी मी वायर बदलली. मग सगळ्या वायरी जोडणारा डबा बदलला. फरक शून्य. फाइल माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतली, तर तिथे ती मस्त पळायला लागली. म्हणजे फाइल धडधाकट होती, वायरीतूनच गरजेपेक्षा जास्त काहीतरी ओढलं जात होतं. सकाळी एकटं कोणी बसलं की बरं चालायचं, सगळी टेबलं भरली की बसकण मारायचं.

शेवटी काउंटरवरच्या तरूबेनच्या मागे जाऊन उभा राहिलो. "उघडा बघू."

त्यांनी फॉर्म उघडला. कोणाचा नंबर हवा हे विचारायचं सोडून तो सगळ्याच मुलांची माहिती फोटोंसकट ओढून आणत होता आणि पहिल्या नोंदीवर येऊन थांबत होता. तो फोटोही वरून खाली सावकाश उतरत होता. आधी केस, मग कपाळ. प्रत्येक टेबलावर, दर वेळी, हाच प्रकार.

"सापडलं!" मी ओरडलोच. "कोण ही पहिल्या नंबरची महाराणी? हिच्यापायी सगळं गाव खोळंबलंय."

"खेवना," तरूबेन म्हणाल्या. "माझी मुलगी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनीच मग सांगितलं, आवाज न चढवता. फाइल सुरू केली ती लाभपाचमेला. आमच्याकडे दिवाळीनंतरचं काम त्याच मुहूर्तावर उघडतात. डॉक्टर म्हणाले, पहिलं नाव खेवनाचं घालू, पोरीला बरकत येईल, मोठं आयुष्य लाभेल. "पुढची लाभपाचम काही तिने बघितली नाही. मग मी इथेच बसायला लागले."

"तुमच्या मशीनवर आहे तसंच ठेवतो," मी म्हटलं. "बाकीच्यांचं बदलतो."

"आणि रांग कोणासमोर असते, भाई?" त्यांनी काउंटरपलीकडे हात केला. तळाजाहून आलेली एक बाई लेकीला खांद्यावर घेऊन उभी होती. पोरीचे ओठ पांढरेफटक पडले होते. "कोराच उघडू दे. नंबर टाकला तरच काय ते येऊ दे."

मी बदल केला. हात उचलत नव्हता, खोटं कशाला सांगू. सगळ्या मशीनवर फॉर्म आता कोरा उघडायला लागला. तरूबेननी तळाजाच्या मुलीचा नंबर टाकला आणि पापणी लवायच्या आत तिची माहिती हजर झाली. मायलेकी आत गेल्या.

"वाह, भद्रेशभाई!" डॉक्टर आतून ओरडले. "आता याच जेवायला!"

रांग संपल्यावर तरूबेननी एक आकडा दाबला. खेवना क्षणात समोर आली, अख्खी. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, तोंडभर हसू. मला जरा हायसं वाटलं.

"बघा, कुठे गेली नाही ती," मी म्हटलं. "उलट आता लगेच येते."



"हो, लगेच येते," त्या म्हणाल्या. "आधी उशीर लागायचा ना, भाई, तेवढा वेळ मला वाटायचं, ती येतेय."