शिंगाच्या नखीचा दुसरा कोपरा

मित्रांनो, मी मॅन्डोलिन छेडायची एक जुनी नखी आहे. शिंगाची, तीन कोपऱ्यांची, बदामाएवढी. शिंगाच्या फण्या करणाऱ्या एका कारागिराने उरलेल्या तुकड्यातून मला कापले, घासले आणि आपल्या नव्या बायकोला दिले.

बाईंनी तीस वर्षे माझा एकच कोपरा वापरला. मॅन्डोलिनच्या तारा जोडीजोडीने असतात. खाली जाताना आणि वर येताना दोन्ही तारांवर सारखा घाव पडावा लागतो. तो कोपरा बाईंच्या मनगटाच्या कलाने तिरका झिजला. लोक मात्र म्हणत, "काय गोड वाद्य आहे!" झीज माझी, कौतुक त्याचे. मी आतल्या आत जळत असे.

बाई गेल्या. फणीवाल्याने मला डबीत ठेवले. त्याची भाची रोज बाईंच्या मॅन्डोलिनवर सरावाला येई, निळी प्लॅस्टिकची नखी घेऊन. त्या निळीचा आवाज आला की माझा नुसता जळफळाट होई. वादनाच्या परीक्षेला चार दिवस उरले, तरी भाची नखी भरभर खालीवर फिरवत सूर लांबवायला गेली की तो खटखट तुटायचा.

"मामा, मामीची नखी दे ना."

"ती कोणाच्या हातात जायची नाही."

"मग तू वाजव!"

"मला फण्या येतात गं."

"म्हणजे आता डबीच वाजवणार का ती?"

मामाने हातातली फणी खाली ठेवली. मग त्याने डबी उघडली.

पण भाचीच्या हातात मी तारांना अडकू लागले. माझा तिरका कोपरा दुसऱ्याच मनगटाचा होता. मामाने कानस उचलली. बाईंची तीस वर्षे आता भुकटी होऊन पडणार!

त्याने तो कोपरा अंगठ्याने चाचपला आणि मला फिरवून दुसरा कोपरा घासायला घेतला.

"घे. तो तिचा, हा तुझा. आणि आवळू नकोस. मामी म्हणायची, बाळाच्या कानाची पाळी धरावी तशी धर."

पाचव्या खेपेला सूर अखंड धावला. मामा विनाकारण कानस पुसत बसला.

भाची पास झाली. परीक्षक म्हणाले, "वाद्य सुरेल आहे हो!" घ्या! शिवाय माझा जुना कोपरा आता नव्यावर जळतो, ते वेगळेच.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू जरूर जपा, पण हातात घेऊन जपा. डबीत मला एक ओरखडाही पडला नव्हता, आणि माझे सर्वांत वाईट दिवस तेच होते.