कंचं धरण?

दादासाहेबांनी नारळ कानाशी धरून हलवला, आत पाणी वाजतंय याची खात्री केली आणि तो शालीवर ठेवला. शाल लोकरीची होती. महिना मे होता.

“दादा, पाहुण्यांच्या देशात नारळाशिवाय दुसरं काही पिकत नाही,” नेहा म्हणाली. “नारळ तरी राहू द्या.”

“अगं, तो झाडाचा नारळ. ह्यो मानाचा.”

दादासाहेबांच्या चाकणच्या कारखान्यात बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी गाड्या तयार होत. त्यांची ड्रॉइंगं नेहा काढायची, आणि इंग्रजी पत्रव्यवहारही तिच्याच गळ्यात पडला होता. तीन महिन्यांपूर्वी ताओलिकी नावाच्या बेटाचं पत्र आलं, तेव्हा दादासाहेबांनी नकाशात तो देश चष्मा बदलून शोधला. सापडला नाही. लोकसंख्या मात्र पत्रातच होती, नऊ हजार.

“एवढे तर आपल्या पाव्हण्यारावळ्यांत निघतील!” ते म्हणाले.

त्या देशात सगळ्या मिळून दोनशे बारा गाड्या होत्या. सगळ्या डिझेलच्या, आणि डिझेल जहाजातून यायचं. आता सरकारला त्या मोडीत काढून छपरावरच्या सौर पॅनेलवर चार्ज होतील अशा गाड्या घ्यायच्या होत्या. म्हणजे एका ऑर्डरीत एका देशाचा धूर बंद. दादासाहेबांनी ताबडतोब गेटवर फ्लेक्स लावला: ‘एका देशाला धूरमुक्त करणारे आपले दादासाहेब’. त्यावर दादासाहेबांचा फोटो मोठा, पाहुण्यांचा लहान आणि कोपऱ्यात त्या देशाचा झेंडा. तो सुलटा आहे की उलटा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

फुशारकी वरवरची होती. ही ऑर्डर हुकली तर एक जूनपासून दुसरी शिफ्ट बंद करावी लागणार होती. त्या शिफ्टमध्ये चाळीस माणसं होती आणि दादासाहेब त्यांतल्या प्रत्येकाला पोराबाळांसकट ओळखत होते. आठ दिवस त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

पाहुण्या आल्या. सिलियाबाई, ताओलिकीच्या मंत्री. साधी चप्पल, खांद्याला स्वतःची पिशवी. दादासाहेब बराच वेळ त्यांच्या मागे बघत राहिले, पण मागून गाड्यांचा ताफा काही आला नाही. शाल पांघरून झाली, नारळ हातात दिला, टाळ्या झाल्या. बाई भल्या होत्या; घाम पुसत बसल्या, पण शाल काढली नाही.

दादासाहेबांनी ‘शून्य उत्सर्जन’ हा दोन दिवस घोकलेला शब्द चार वेळा वापरला. बाईंनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला.

“पौर्णिमेच्या भरतीला रस्त्यावर गुडघाभर खारं पाणी येतं,” नेहाने सांगितलं. “त्यात गाडी चालेल का, विचारतायत.”

“चालंल? पळंल म्हणावं!”

नेहाने हे मात्र इंग्रजीत नेलं नाही. मोटर जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर होती आणि ती तिनेच तिथे काढली होती. ‘आहे अशी नाही चालणार,’ असं तिने खरं ते सांगून टाकलं. सिलियाबाईंनी मान हलवली आणि पेनाला टोपण लावलं. दादासाहेबांना इंग्रजी येत नसलं तरी टोपणाची भाषा कळत होती. त्यांचा चेहरा पडला.

दाराशी खुर्चीवर गोजाबाई बसल्या होत्या. दादासाहेबांच्या आई, वय चौऱ्याऐंशी. लेक वेळेवर जेवतो का, हे बघायला रोज दुपारी कारखान्यात यायच्या.

“काय झालं गं पोरी? ही बाई आली कशापायी?”

“आजी, त्यांचा देश पाण्याखाली चाललाय.”

“अगं बया!” गोजाबाई उठून उभ्या राहिल्या. “कंचं धरण?”

“आये, धरण न्हाई, समुद्र हाय त्यो!” दादासाहेब कानकोंडे झाले.

“आसंल. नोटीस आली का?”

गोजाबाईंच्या हिशेबी पाणी नोटिशीशिवाय येत नाही. त्यांचं माहेर-सासर एकाच धरणात गेलं होतं आणि चाकणची ही जमीन त्याच्या बदल्यात मिळाली होती. सिलियाबाईंनी आजी काय म्हणतात ते विचारलं. नेहाने धरणासकट सगळं सांगितलं. त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या, आणि पेनाचं टोपण पुन्हा निघालं.

गोजाबाईंनी खुर्ची सरकवून त्यांचा हात धरला.

“म्या सांगते, ध्यान देऊन आईक. आदी कागद हातात, मग घराला कुलूप. आन् पांगू नगा. आमची भावकी पांगली, माजी सख्खी भन लगीनकार्यातबी दिसत न्हाई. आन् गाड्या ठिवा. आमच्या गावात चार बैलगाड्या. पानी उंबऱ्याला लागलं तवा कुनाला पुरनार? जातं ऱ्हायलं. म्हसोबाचा धोंडा ऱ्हायला. सासूला पाठुंगळी घेतली, म्हून ती तेवढी आली.”

“आये, बास कर. गाड्या इकायच्यात आपल्याला.”

नेहा सांगत होती आणि सिलियाबाई लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी बराच वेळ काहीतरी विचारलं.

“दादा, धूर बंद करायला गाड्या त्यांना हव्याच आहेत,” नेहा म्हणाली. “पण एक ना एक दिवस बेट सोडावं लागेल, तेव्हा याच गाड्यांतून जहाजापर्यंत सामानही नेता आलं पाहिजे. मोटर वर घ्यायची आणि मागची सीट काढता येईल अशी करायची. जमेल का?”

“तुला जमंल का?”

“जमेल.”

“मग मला बी जमंल! किती?”

“दोनशे बारा.”

दादासाहेबांनी टेबलावर थाप मारली, तसा मानाचा नारळ खाली गडगडला. तो उचलायचंही भान न राहता ते पेढे सांगायला, आणि त्याआधी दुसऱ्या शिफ्टला सांगायला, बाहेर धावले. त्यांचा आवाज प्रेसच्या धडधडीवरही ऐकू येत होता.

नेहाने ड्रॉइंग पसरलं, ‘चार प्रवासी’ खोडलं आणि किती वजन धरू, असं सिलियाबाईंना विचारलं. त्यांनी गोजाबाईंकडे बोट दाखवलं.

गोजाबाईंनी डोळे मिटले.

“जात्याचं मनभर धर. धोंड्याचं अर्धा मन.” नेहाने मणाचे किलो करून लिहून घेतलं. “आन् म्हातारी बसंल येवढी जागा ठिव, पोरी. तिला घ्यायची म्हून कुनाचा द्येव खाली ठिवाया लागू नये.”

आजी काय म्हणाल्या, असं सिलियाबाईंनी विचारलं. नेहाने ड्रॉइंगमध्ये धोंड्याशेजारी बसलेली एक म्हातारी काढून दाखवली.