एका प्याल्यातनं

जैनाची पोरगी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासावर पीएच.डी. करते म्हटल्यावर कोल्हापुरात जो तो मला शहाणपण शिकवायचा. शाळेतल्या बायका विचारायच्या, "प्रभावती, बाटायचा विचार हाय काय?" आमचे अण्णा म्हणायचे, "डॉक्टर होऊन कुणाची नाडी बघणार?" उत्तरं देऊन माझं तोंड दुखायला लागलं होतं. त्यात पुण्याच्या मार्गदर्शकांनी मुख्य प्रकरणच परत पाठवलं. नेसरीजवळच्या पहिल्या मंडळीत पाटलाच्या सुनेपासून महारवाड्यापर्यंत सगळे प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीला, एकाच प्याल्यातनं प्यायले, असं मिशनच्या अहवालात होतं. माझा सगळा प्रबंध त्या एका वाक्यावर उभा. "अहवाल लिहिणारे स्वतःचं कौतुकच लिहिणार. डोळ्यांनी बघितलेलं माणूस आणा," ते म्हणाले.

तसं माणूस एकच उरलं होतं, महारवाड्यातली तानाबाई. ऐंशीच्या घरातली. ती गेली की माझा प्रबंधही गेला, या धास्तीनं मला शाळेत धड शिकवताही येईना. शेवटी रजा टाकून निघाले.

नेमकी एसटी गडहिंग्लजच्या पुढं बंद पडली. मी ड्रायव्हरवर ओरडले, कंडक्टरवर ओरडले. इंजिनाला काय त्याचं! तानाबाईच्या दारात पोचले तेव्हा दिवस बुडाला होता. तिनं कौतुकानं चहा पुढं केला.

"आज्जी, दिवस मावळल्यावर मी पाणीसुद्धा घेत नाही," मी म्हणाले. लहानपणापासूनचा आमचा जैनांचा नेम तो.

तिचा चेहरा उतरला. "व्हय, व्हय. आमच्या दारात आलं की समद्यांचाच नेम निघतोय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, माझ्या आईच्या हातचंसुद्धा चालत नाही!" म्हातारी ढिम्म. काहीही विचारलं की "याद न्हाय" म्हणून भिंतीकडं बघायची. जिवाची नुसती तगमग. जाऊ दे तो नेम खड्ड्यात, म्हणत मी कप उचलला. ओठाला लावणार तोच तिनं माझं मनगट धरलं.

"ठेव खाली. देवाला दिल्याला शब्द मोडतीस, मग माझा शब्द खरा कसा लिवशील? उद्या उजाडल्यावर पी. झोप हितंच."

झोप कसली येतेय! सकाळी हिचं मन फिरलं तर, या एका विचारानं डोळ्याला डोळा लागला नाही.

ऊन अंगणात आल्यावर तिनं चहा केला. मी दोन कप प्यायले, बशी चाटायची तेवढी बाकी ठेवली. ती खुदकन हसली. मग मी थेट विचारलं, "सगळे एकाच प्याल्यातनं प्यायले, हे खरं?"

"खरं की. पाटलाची सून पिली, सुतार पिला, आमची माणसं पिली. कुणी तोंड वाकडं केलं न्हाय."

मला रडूच फुटलं. सुटले गं बाई! भराभर लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं. मग सहज विचारलं, "तुम्ही कुठं बसला होता?"

"शेवटाला. पाटलाची सून पैली. मिशनच्या सायबानं तसंच बसीवलं हुतं, जातीनं वरनं खाली. प्याला एकच की, पोरी. निस्तं माझ्यामागनं पिणारं कोण न्हवतं."

म्हणजे महारवाड्याच्या ओठाला लागलेला प्याला वरच्या कुणी तोंडाला लावलाच नव्हता. हे लिहायचं म्हणजे प्रबंध मुळापासून बदलायचा. मी वही मिटायला लागले.

"मिटतीस काय? ह्ये बी लिव्ह," तानाबाई म्हणाली. चडफडत मी वही उघडली आणि लिहिलं.