मांडवीचा उतार

पानबाईंनी पदर खोचला, सायकलजवळ उकिडवं बसून मागच्या चाकाच्या खाचेत बोट घातलं आणि ते बोट डोळ्यांजवळ धरलं. चिखल. ओला, काळा, नदीकाठचा. सिद्धीचा क्लास दोन गल्ल्या पलीकडं, आणि तिथवर सगळा सिमेंटचा रस्ता. असला चिखल त्या वाटेवर औषधालासुद्धा सापडला नसता.

"आजी, टायरमध्ये काय शोधतेस? हरवलंय का काही?" सिद्धीनं दप्तर उतरवत विचारलं.

"क्लास कितीला सुटला?"

"नेहमीसारखाच."

"मग उशीर?"

"अगं, अर्शियाची चेन पडली होती. चढवत बसलो."

पानबाईंनी नातीच्या हातांकडं पाहिलं. ऑइलचा एक डाग नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, "हात धुऊन घे, बाळ."

आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. सकाळी नवकारशी होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही, दोन वेळा सामायिकाचं ध्यान, दिवस मावळायच्या आत पाण्याचा शेवटचा घोट. असे त्यांचे दिवस जैन नेमानं बांधलेले. व्रतं पुष्कळ होती, पण संशय सोडायचं व्रत काही त्यांना घेता आलं नव्हतं. आणि अर्शिया होती बिबिजानची नात. दुखत होतं ते तिथंच.

सातवीत असताना बिबी आणि पानी एका बाकावर बसायच्या. बिबीच्या वडिलांची, चांदभाईंची, गाद्या पोचवायची उंच काळी सायकल होती. दुपारी चांदभाई जरा लवंडले की दोघी ती ढकलत गावाबाहेर न्यायच्या. सीटवर बसून पाय पोचायचे नाहीत. मग दांडीखालून पाय घालून, अंग वाकडं करून पायडल मारायचं. एकीनं चालवायचं, दुसरीनं कॅरियर धरून मागं पळायचं. मांडवीच्या पुलाकडचा उतार लागला की पायडल मारायलाच नको. वेण्या मागं उडायच्या, बिबी ओरडायची, "पाने, ब्रेक लागत न्हाई गं!" आणि पानीला हसता हसता रडू यायचं. कुणाला सांगायचं नाही, अशी दोघींची आईची शपथ होती.

मग एका दुपारी पानीचे वडील, रमणलाल, दुकान उघडं टाकून घरी आले. रागावले नाहीत. तिचं दप्तर उचलून माळ्यावर ठेवलं, बस्स. सातवीची परीक्षा राहिली ती राहिलीच. पुढं चार-पाच वर्षांत आळेफाट्याला लग्न झालं.

जगात उताराचं ठाऊक असलेल्या दोघीच. त्यातली एक पानी. मग वडिलांना सांगितलं कुणी?

मुलानं, जिनेशनं, ओतूरला दुकान टाकलं तेव्हा पानबाई त्याच्यासोबत माहेरच्या गावी परतल्या, त्यालाही पाच वर्षं झाली. दर संवत्सरीला त्या घरोघर जाऊन हात जोडून क्षमा मागत. बिबिजानची गल्ली तेवढी चुकायची. चुकायची म्हणजे त्या चुकवायच्या.

दुसऱ्या दिवशी सिद्धी क्लासला गेली आणि पानबाईंनी चप्पल घातली.

बिबिजान दारातच मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली, चष्मा सारखा केला.

"या अल्ला! पाने, तू? वाट चुकलीस का काय?"

"मुद्दाम आले."

"मग बस की. पाणी इचारत न्हाई बाई, तुमचं उकळलेलं असतंय."

पानबाई ओट्याच्या कडेला टेकल्या. "तुझ्या नातीला समज दे. आमच्या सिद्धीला पुलाकडं नेते. पोरगी खोटं बोलायला शिकली."

"कोण कुणाला नेतंय? तुझीच फुडं असती. पार तुझ्यावाणी!" बिबिजान हसली.

पानबाई हसल्या नाहीत. "आणि उद्या या घरातून आमच्या घरी चुगली पोचेल. एकदा पोचलीय."

मेथीच्या काडीवर बिबिजानचा हात थांबला.

"तवाचं म्हणतीस?"

"मी शपथ पाळली होती, बिबी."

"मी न्हाई पाळली," बिबिजान म्हणाली. "तुझ्या आईला सांगितलं मी. आता ह्या वयात खोटं कशाला बोलू?"

अठ्ठेचाळीस वर्षं संशय मनात होता. तो खरा निघाला तर काय करायचं, हे मात्र पानबाईंनी कधी ठरवलं नव्हतं. त्यांनी नुसता पदर सारखा केला.

"तुझी आई भर उन्हात आली आमच्या दारी," बिबिजान सांगू लागली. "म्हणली, पानी चार दिस झालं मीठ खाईना, दूध घेईना. कोरडा भात गिळती अन् इचारलं की रडती. डाक्टरला बी काय कळंना. कुटं पडलात का, काय खाल्लं का, सांग गं माझी बाय. हात जोडाय लागली, पाने, माझ्याम्होरं, एवढ्याशा पोरीम्होरं. मला वाटलं, त्या दिशी उतारावर आपटलीस, आत काय तरी फुटलं. आता तू मरतीस. मग सांगितलं समदं."

पानबाईंनी मेथीची एक जुडी आपल्या पुढ्यात ओढली.

"आपटले नव्हते," त्या म्हणाल्या. "चाकाखाली बेडूक चिरडला, म्हणून सायकल टाकून दिली. पंचेंद्रिय जीव, बिबी. महाराजसाहेबांना प्रायश्चित्त विचारायचं तर पूल सांगावा लागला असता. मग माझं मीच ठरवलं. सात दिवस मीठ नाही, दूध-तूप नाही."

"बेडकापायी?"

"हो."

"अन् मला न्हाई बोललीस?"

"तू हसली असतीस."

"हसलेच असते," बिबिजान म्हणाली. पण हसली नाही. चष्मा काढून तिनं ओढणीच्या टोकानं उगाच पुसला.

गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजली. दोन सायकली वळल्या आणि ओट्यावर आजीला पाहून सिद्धीनं करकचून ब्रेक दाबला.

"आजी? तू इथं? आज क्लास जरा—"

"आमी पुला—" अर्शियानं तोंड उघडलं. सिद्धीनं तिचा दंड दाबला आणि डोळे मोठे केले.

पानबाई उठल्या. दोघींच्या चाकांना ताजा चिखल होता; त्यांनी तो पाहिला आणि पाहून सोडून दिला. अर्शियाला त्यांनी जवळ बोलावलं. पोरगी सायकल हातात धरूनच, भीत भीत, पुढं आली.

"सिद्धी कुठं पडली, जेवेनाशी झाली, गप्प गप्प राहायला लागली," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तर ती तुला म्हणेल, कुणाला सांगू नको. शपथसुद्धा घालेल."

अर्शियानं सिद्धीकडं पाहिलं, मग आपल्या दादीकडं. दादी खाली बघत होती.

"तरी तू मला येऊन सांगायचं. घर ठाऊक आहे ना आमचं?"